आधी विचारायचं कोणी?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधील डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या रुग्णाची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय, अशी तक्रार घेऊन हा माणूस इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आला होता. पूर्वी त्याला कोणताही मानसिक आजार नव्हता. पण चोवीस तासांच्या आत त्याला भास होऊ लागले आणि संशय विकोपाला गेला. तपासणीत त्याच्या रक्तात ब्रोमाइडचं प्रमाण लिटरमागे १७०० मिलिग्रॅम निघालं. ते दहाच्याही आत असायला हवं. मीठ प्रकृतीला वाईट, असं वाचून त्याने आहारातून क्लोराइडच हद्दपार करायचं ठरवलं होतं. चॅटजीपीटीचा सल्ला घेऊन, इंटरनेटवरून मागवलेलं सोडियम ब्रोमाइड तो तीन महिने मिठाच्या जागी खात होता. त्याचं यंत्राशी झालेलं मूळ संभाषण डॉक्टरांना पाहायला मिळालं नाही. म्हणून त्यांनी चॅटजीपीटीच्या जुन्या आवृत्तीला स्वतःच विचारून पाहिलं, की क्लोराइडच्या जागी काय वापरता येईल? उत्तरात ब्रोमाइडचं नाव आलं. संदर्भ पाहून ठरवावं, अशी पुस्तीही होती. मात्र आरोग्याला असलेल्या धोक्याचा स्पष्ट इशारा नव्हता, आणि ‘हे तुम्हाला कशासाठी हवंय?’ असंही यंत्राने विचारलं नाही. एखाद्या वैद्यकीय व्यावसायिकाने ते विचारलं असतं, असं या डॉक्टरांनी मुद्दाम नोंदवलं आहे. साफसफाईच्या रसायनांबद्दल बोलणं चाललेलं असतं, तर ब्रोमाइड हे उत्तर चुकीचं ठरलं नसतं. त्या माणसाला मात्र ते जेवणात हवं होतं, आणि हे विचारल्याशिवाय यंत्राला कळणार नव्हतं.

चॅटबॉटसमोर आपण जे लिहितो किंवा बोलतो, तो प्रश्न, ती सूचना, त्यासोबत दिलेली माहिती, या सगळ्याला मिळून ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. भाषेवर चालणारी ही मॉडेलं समोर आलेल्या मजकुराला धरून पुढचा मजकूर रचत जातात, त्यामुळे प्रॉम्प्ट बदलला की उत्तर बदलतं. यातून प्रॉम्प्ट लिहिण्याचं एक शास्त्रच उभं राहिलं, त्याचे अभ्यासक्रम निघाले, आणि आता आरोग्याच्या क्षेत्रातही तोच उपदेश ऐकू येतो: वय सांगा, लक्षणं क्रमाने लिहा, चालू असलेली औषधं द्या, यंत्राला ‘तू अनुभवी डॉक्टर आहेस’ असं सांगा, मग बघा कसं नेमकं उत्तर येतं. उपदेश खोटा नाही. तरीही त्यात जबाबदारीची उलटापालट झाली आहे. वैद्यकात योग्य प्रश्न विचारणं हे बरं करणाऱ्याचं काम मानलं गेलं आहे, आजाऱ्याचं नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाखाली हे ओझं गुपचूप रुग्णाच्या डोक्यावर सरकवलं जात असेल, तर ते मान्य करता कामा नये. आरोग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राची पहिली परीक्षा ही असावी, की ते उत्तर देण्याआधी काय विचारतं.

डॉक्टरांच्या बोलीत याला ‘हिस्टरी घेणं’ म्हणतात. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हिस्टरी घेऊन झालेलं निदान ८० पैकी ६६ रुग्णांत अखेरपर्यंत टिकलं. शारीरिक तपासणीने निदान बदललं ते सात जणांचं, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी आणखी सात जणांचं. तपासण्यांची यंत्रं तेव्हापासून कितीतरी पुढे गेली, पण कोणती तपासणी करायची हे आजही संभाषणातूनच ठरतं. मुंबईत पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या दुखण्याची तक्रार घेऊन कोणी आलं, की जाणता डॉक्टर विचारतो, ‘गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालला होतात का? पायाला जखम होती का?’ २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, आणि हा प्रश्न त्या अनुभवात मुरलेला आहे. रुग्ण आपण होऊन हे सांगत नाही. तो सांगणार तरी कसा? दहा दिवसांपूर्वी लोकल बंद पडली म्हणून गुडघाभर पाण्यातून घरी आलो, याचा आजच्या तापाशी संबंध असू शकतो, हे माहीत असणं म्हणजेच वैद्यकाचं ज्ञान. तसंच मधुमेहाचं. ज्याला दहा वर्षं मधुमेह आहे, त्याला हृदयविकाराचा झटका छातीत जोराची कळ न येताही येऊ शकतो. नुसता घाम, मळमळ, थकवा, एवढंच जाणवतं. तो माणूस चॅटबॉटला लिहितो, ‘पित्त झालंय, काय घेऊ?’ या वाक्यात मधुमेह नाही, वय नाही, घामही नाही. वर निदान मात्र त्याने स्वतःच करून टाकलेलं आहे. ज्याला काय सांगायचं हे नीट ठाऊक आहे, त्याला अर्धंअधिक उत्तरही ठाऊक असतं. प्रॉम्प्ट नीट लिहा, या सल्ल्यातली मुख्य अडचण इथे आहे.

मग या मॉडेलांनी वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण केल्याच्या बातम्यांचं काय? त्या खऱ्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि पुढच्या फेब्रुवारीतच, कोणत्याही खास प्रशिक्षणाविना ते अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेत उत्तीर्णतेच्या उंबरठ्यावर पोचल्याचं एका अभ्यासाने दाखवलं. गूगलच्या संशोधकांनी वैद्यकासाठी घडवलेल्या मेड-पाम मॉडेलाच्या दुसऱ्या आवृत्तीने त्याच धर्तीच्या प्रश्नसंचात ८६.५ टक्के गुण मिळवले. २०२३ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तर जीपीटी-४ या सर्वसाधारण मॉडेललाच नुसत्या प्रॉम्प्टच्या कौशल्याने ९० टक्क्यांच्या पुढे नेलं. प्रत्येक प्रश्नाशी मिळतीजुळती सोडवलेली उदाहरणं आधी दाखवायची, पायरीपायरीने विचार करायला लावायचं, पर्यायांचा क्रम बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि बहुमताने आलेलं उत्तर धरायचं, अशी ती पद्धत होती. प्रॉम्प्टची ताकद यातून निर्विवाद दिसते. पण परीक्षेतला प्रश्न कसा असतो ते पाहा: ‘५८ वर्षांचा पुरुष, बारा वर्षांपासून मधुमेह, दोन तासांपासून मळमळ आणि घाम, रक्तदाब अमुक, नाडी तमुक.’ हे वाक्य तयार होण्याआधी कोणीतरी त्या माणसाजवळ बसलेलं आहे, त्याला विचारलेलं आहे, त्याच्या बोलण्यातलं निरुपयोगी ते गाळून उपयोगी ते निवडलेलं आहे. परीक्षेचा प्रश्न म्हणजे आधीच घेतलेली हिस्टरी. सर्वांत अवघड काम दुसऱ्याने करून दिल्यावर उरलेल्या कामात यंत्राने ९० टक्के मिळवले, असा त्या गुणांचा खरा अर्थ आहे.

ते अवघड काम सामान्य माणसावर सोपवलं तर काय होतं, याचं उत्तर ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगातून मिळतं. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, म्हणून तो जरा तपशिलात पाहू. डॉक्टरांनी दहा प्रसंग लिहून दिले होते. त्यांत साध्या दुखण्यांपासून मेंदूभोवतीच्या रक्तस्रावापर्यंत सगळं होतं. ब्रिटनमधल्या १,२९८ लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून हे प्रसंग दिले गेले. तीन गटांना तीन वेगवेगळी भाषा मॉडेलं मिळाली. चौथ्या गटाला घरी एरवी जे वापराल ते वापरा, असं सांगितलं. काय झालं असावं आणि आता कुठे जावं, घरीच थांबावं, डॉक्टरांची वेळ घ्यावी की रुग्णवाहिका बोलवावी, हे त्यांनी ठरवायचं होतं. मॉडेलांना तेच प्रसंग थेट दिले, तेव्हा त्यांनी जवळपास ९५ टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. माणसं तीच मॉडेलं वापरून बोलली, तेव्हा आजार ओळखण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली गेलं. कुठे जावं याचा निर्णय बरोबर ठरला तो निम्म्याहून कमी वेळा. चौथ्या गटापेक्षा हे लोक काकणभरही सरस ठरले नाहीत. संभाषणं वाचल्यावर कारणं दिसली. लोक अर्धवट माहिती देत होते, मॉडेल तेवढ्यावरच उत्तर देऊन मोकळं होत होतं. पुष्कळदा योग्य आजाराचं नाव उत्तरात आलेलं असे, पण इतर शक्यतांच्या गर्दीत ते वाचणाऱ्याच्या हाती लागत नसे. मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाच्या प्रसंगात दोघांनी जवळजवळ सारखंच वर्णन लिहिलं. एकाला तातडीने इस्पितळात जायला सांगितलं गेलं, दुसऱ्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला. आणखी एक निष्कर्ष यंत्रं बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. माणसांऐवजी दुसऱ्या एका मॉडेललाच रुग्णाची भूमिका दिली, तर निकाल खऱ्या माणसांपेक्षा चांगले येतात. यंत्राची परीक्षा यंत्राकडून घेतली, तर माणूस कुठे अडखळतो ते कळतच नाही.

प्रॉम्प्टचा हा घोळ फक्त सामान्यांचा आहे, असंही म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये अमेरिकेतल्या पन्नास डॉक्टरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या संदर्भसाधनांसोबत जीपीटी-४ वापरायला दिलं, निम्म्यांना दिलं नाही. अवघड केसेसवर पहिल्या गटाला ७६ टक्के गुण मिळाले, दुसऱ्याला ७४. म्हणजे फरक नगण्य. आणि संशोधकांनी स्वतः काळजीपूर्वक प्रॉम्प्ट रचून तेच मॉडेल एकट्याने चालवलं, तेव्हा त्याला ९२ टक्के पडले. यावरून ‘डॉक्टरांपेक्षा यंत्र हुशार’ अशा बातम्या झाल्या. तो अर्थ घाईचा होता, कारण केस इथेही लिहून तयार दिलेली होती, रुग्णाला कोणी काही विचारलंच नव्हतं. मला यातलं दुसरं काही जास्त बोलकं वाटतं. वर्षानुवर्षं शिकलेल्या, काय महत्त्वाचं ते जाणणाऱ्या डॉक्टरांनाही चॅटबॉटची रिकामी चौकट समोर ठेवल्यावर त्याच्याकडून नीट काम करून घेता आलं नाही. मग ताप चढलेल्या बाळाच्या उशाशी बसलेल्या आईला ते जमावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

लिहिण्याच्या पद्धतीचा परिणाम तर आणखी अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये रुग्णांच्या निरोपांत अशा गोष्टी बदलून पाहिल्या, ज्यांचा आजाराशी काडीचाही संबंध नाही: शुद्धलेखनाच्या चुका, जास्तीच्या मोकळ्या जागा, ‘बहुतेक’, ‘कदाचित’ असे चाचरते शब्द, अनौपचारिक बोली. आजाराची माहिती तीच राहिली. तरी ‘घरीच काळजी घ्या’ असा सल्ला मिळण्याचं प्रमाण सात ते नऊ टक्क्यांनी वाढलं, आणि स्त्रियांच्या बाबतीत चुका जास्त दिसल्या. ज्याला शुद्ध लिहिता येत नाही, जो बिचकत बोलतो, त्यालाच डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला कमी मिळतो, असा याचा अर्थ होतो. दुसऱ्या एका अभ्यासात तेच आरोग्यविषयक प्रश्न इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदीत विचारले. इंग्रजीच्या तुलनेत बाकीच्या भाषांतली उत्तरं कमी अचूक आणि कमी सुसंगत निघाली. मराठी त्यात नव्हती. पण इंटरनेटवर हिंदीपेक्षाही कमी मजकूर असलेल्या भाषेची स्थिती आपोआप बरी असेल, असं मानायला काही आधार नाही. त्यात आपल्याकडे पुष्कळ जण मराठी रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात, आणि व्हॉइस टायपिंगवर वऱ्हाडी किंवा मालवणी बोलतात. ‘नीट प्रॉम्प्ट लिहा’ या सल्ल्याचा फायदा ज्यांना होतो, ते आधीच शिकलेले, इंग्रजी जाणणारे, डॉक्टरांपर्यंत पोचणारे लोक आहेत.

गंमत म्हणावी की खेद करावा, पण संगणकाच्या मदतीने निदान करण्याच्या इतिहासात सुरुवातीची यंत्रं प्रश्न विचारणारीच होती. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी घडवलेला ‘मायसिन’ हा प्रोग्रॅम गंभीर जंतुसंसर्गांवर सल्ला द्यायचा, पण आधी डॉक्टरला एकामागून एक प्रश्न विचारून. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स इथे डी डोम्बाल यांनी तीव्र पोटदुखीच्या निदानासाठी संगणक वापरला. त्यासाठी डॉक्टरांना ठरावीक प्रश्नांचा एक फॉर्म भरावा लागे: दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, कशाने वाढतं, उलटी झाली का. १९८६ मध्ये आठ इस्पितळांतल्या सोळा हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांच्या पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली आणि अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की या सुधारणेतला मोठा वाटा संगणकाच्या गणिताचा नव्हे, तर त्या फॉर्मचा होता. प्रश्न सुटू नयेत याची सोय झाली, एवढ्यानेच निदान सुधारलं. त्या यंत्रांना एका कोपऱ्यापलीकडचं काही कळत नव्हतं, पण काय विचारायचं ते पक्कं माहीत होतं. आजच्या मॉडेलांकडे अफाट माहिती आहे, आणि ती समोरच्याने जे विचारलं तेवढ्याचं अस्खलित उत्तर देऊन थांबतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की लोकांनी शिकावं की. मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकले, तसं हेही शिकतील. काही गोष्टी जरूर शिकण्यासारख्या आहेत. यंत्राला निदान सांगून औषध विचारू नये, लक्षणं सांगावीत. वय, आधीचे आजार, रोजच्या गोळ्या, गरोदरपण या गोष्टी न विचारताही सांगाव्यात. ‘उत्तर देण्याआधी तुला आणखी काय माहिती हवी ते मला विचार,’ हे एक वाक्यही प्रॉम्प्टमध्ये घालून पाहावं, पण त्यावर विसंबू नये. रिपोर्टचा फोटो चढवताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाकावा. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, बेशुद्धी, अशा वेळी काहीही टाइप न करता १०८ ला फोन करावा. एवढं प्रत्येक घरात माहीत असावं. पण याच्यापलीकडचे प्रॉम्प्टचे तंत्रमंत्र फार टिकत नाहीत. ज्या मायक्रोसॉफ्टच्या गटाने जीपीटी-४ साठी ती बहुपदरी पद्धत शोधली होती, त्यांनीच वर्षभरात दाखवलं की विचार करून उत्तर देणारं नवं मॉडेल त्या पद्धतीविनाच तिच्या पुढे जातं, आणि सोडवलेली उदाहरणं आधी दाखवली तर उलट मागे पडतं. ज्या कौशल्याचं आयुष्य वर्षभराचं, त्याच्यावर कोट्यवधी लोकांचं आरोग्य उभं करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डॉक्टर तरी कुठे विचारतात? १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतल्या ७४ भेटींच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं, की रुग्ण बोलू लागल्यापासून सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडतात. आपल्याकडच्या सरकारी ओपीडीतली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. दुर्गम भागात तर तोडायलाही डॉक्टर नसतो. शिवाय यंत्र रात्री दोन वाजता उपलब्ध असतं, चिडत नाही आणि लाज वाटणारा प्रश्नही त्याला विचारता येतो. २०२३ मध्ये एका अभ्यासात लोकांच्या १९५ प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं, कोणती कोणाची हे न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवली. जवळपास ७९ टक्के मूल्यमापनांत पसंती यंत्राच्या उत्तरांना मिळाली. हे सगळं मान्य. मीही ही साधनं बंद करा असं म्हणत नाही. ज्यांना डॉक्टर मिळत नाही, त्यांच्यासाठी तर ती चांगली हवीत. म्हणूनच ती विचारणारी हवीत. ज्याच्या मागे दुसरा आधार नाही, त्याला अर्धवट माहितीवर दिलेलं गोड शब्दांतलं उत्तर जास्त महागात पडतं. शहरातला माणूस चुकीच्या सल्ल्यानंतरही संध्याकाळी दवाखान्यात जाऊ शकतो. अठरा सेकंदांत तोडणारा डॉक्टर हा वैद्यकाचा दोष आहे, त्याची नक्कल करायचं कारण नाही. आणि विचारणारं यंत्र घडवता येतं, हेही दिसलं आहे. गूगलच्या ‘एमी’ या प्रायोगिक प्रणालीला हिस्टरी घेण्यासाठीच घडवलं गेलं. कॅनडा, ब्रिटन आणि भारतातल्या १५९ प्रसंगांवर, रुग्णाची भूमिका करणाऱ्या कलाकारांशी लेखी संवाद साधताना, तिने बहुतेक निकषांवर वीस डॉक्टरांना मागे टाकलं. कलाकार म्हणजे खरे रुग्ण नव्हेत, आणि टाइप करून तपासणं ही डॉक्टरांची सवय नाही, या मर्यादा त्या संशोधकांनीच सांगितल्या आहेत. तरी दिशा योग्य आहे.

मग सध्याच्या मॉडेललाच ‘आधी प्रश्न विचार’ अशी सूचना देऊन टाकली की झालं, असं वाटेल. तेवढ्याने भागत नाही. ‘मेडिक्यू’ नावाच्या २०२४ च्या संशोधनात हेच करून पाहिलं. मॉडेलला थोडीच माहिती देऊन, हवं ते विचारून घे, असं सांगितलं, तर निदान सुधारण्याऐवजी बिघडलं. कधी विचारायचं, काय विचारायचं आणि कधी थांबायचं, याचा निवाडा स्वतंत्रपणे शिकवावा लागतो. ते परीक्षेतल्या उत्तरांच्या सरावातून येत नाही. पण उलट दिशेचाही एक पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतल्या संशोधकांनी डॉक्टरांकडून तीनशे रुग्णवर्णनं लिहून घेतली आणि प्रत्येकात एक खोटी गोष्ट पेरली, म्हणजे अस्तित्वातच नसलेला आजार, लक्षण किंवा चाचणी. मॉडेलांनी बहुतेकदा ती खरी मानून तिच्यावर विवेचन केलं. ‘माहितीत चूक असू शकते, जे पडताळता येतं तेवढंच धर,’ अशा अर्थाची सूचना जोडल्यावर जीपीटी-४ओ या मॉडेलाची ही चूक ५३ टक्क्यांवरून २३ वर आली. नेमकी अशी सूचना यंत्र बनवणारा पडद्यामागे कायमची ठेवू शकतो. बहुतेक चॅटबॉटमध्ये वापरणाऱ्याला न दिसणारा एक प्रॉम्प्ट असतो. कोणत्या सुरात बोलायचं, काय टाळायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. रुग्णाच्या प्रॉम्प्टविषयी सतत बोलताना या दुसऱ्या प्रॉम्प्टविषयी कोणी बोलत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. औषधाच्या वेष्टनावर घटक छापायची सक्ती असते. आरोग्यसल्ला देणाऱ्या चॅटबॉटच्या पडद्यामागच्या सूचनाही तशाच उघड असायला हव्यात.

आपल्या देशात त्या दृष्टीने एक चांगलं काम राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात चालू आहे. ‘खुशी बेबी’ ही संस्था आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांनी आशा कार्यकर्त्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर चालणारा ‘आशाबॉट’ उभा केला. तो हिंदीत, बोलूनही विचारलेले प्रश्न घेतो आणि निवडून दिलेल्या आरोग्यपुस्तिकांच्या आधारेच उत्तर देतो. उत्तर त्या साहित्यात नसेल तर अंदाज बांधत नाही. प्रश्न एएनएम (सहायक परिचारिका) ताईंकडे जातो, त्यांच्या उत्तरांतून जे सामायिक निघतं ते आशाताईला कळवलं जातं, आणि पुढच्या वेळेसाठी साठ्यातही जमा होतं. इथे प्रॉम्प्ट लिहिणारी व्यक्ती सामान्य असली तरी तिच्या मागे व्यवस्था उभी आहे. आशाताई रुग्णाच्या घरात बसलेली असते, ती स्वतः डोळ्यांनी पाहते, विचारते. यंत्र तिच्या प्रश्नाला हातभार लावतं. महाराष्ट्रातही आशांचं मोठं जाळं आहे, आणि मराठीत असं साधन व्हायला तांत्रिक अडथळा फारसा नाही.

फक्त ते लोकांच्या हाती देण्याआधी तपासायचं कसं, हे ठरवायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा मोठ्या मॉडेलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन दिलं. दोन्हींत सुरक्षितता आणि न्याय्यता यांवर भर आहे. पण मराठीतल्या चॅटबॉटने परीक्षेतल्या प्रश्नांना किती टक्के बरोबर उत्तरं दिली, एवढ्यावर सुरक्षितता ठरवली, तर ऑक्सफर्डने दाखवलेला खड्डा तसाच राहील. चाचणी माणसांवर व्हायला हवी, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चुकांसकट. तशी सोय आपल्याकडे आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाकडे एक ग्रामीण आणि एक शहरी आरोग्य केंद्र असतं आणि तिथे इंटर्न डॉक्टर काम करत असतात. केंद्रात येणाऱ्या माणसांनी, त्यांची तयारी असेल तर, आधी चॅटबॉटशी बोलावं आणि लगेच इंटर्नने त्यांची नेहमीसारखी हिस्टरी घ्यावी. यंत्राने विचारलेले प्रश्न आणि इंटर्नने विचारलेले प्रश्न शेजारी शेजारी ठेवावेत. मधुमेहाबद्दल, साचलेल्या पाण्याबद्दल, पाळी चुकल्याबद्दल यंत्राने विचारलं की नाही, आणि संभाषणानंतर त्या माणसाने काय करायचं ठरवलं होतं, याची नोंद व्हावी. नाशिक, नांदेड आणि सिंधुदुर्ग या तीन ठिकाणी एक पावसाळाभर जरी हे केलं, तरी मराठीत कोणतं साधन वापरण्याजोगं आहे आणि त्याच्या पडद्यामागच्या सूचनांत काय घालावं लागेल, हे सांगायला पुरेशी माहिती हाती येईल.